वरचे पाणी, खालचे मीठ

— ऊस विकास अधिकारी



"साहेब, या रानात पूर्वी उसाला तोड नव्हती. आता टिपरीसुद्धा नीट उगवत नाही," अशी तक्रार नदीकाठच्या गावांतून नेहमी कानी येते. बेणे बदलले, खताची पोती वाढवली, तरी गुण नाही. अशा रानात बहुतेक वेळा दुखणे पिकाचे नसते, जमिनीचे असते. ते समजायचे तर आपली माती कशी झाली, हे पाहिले पाहिजे.

खडकाची माती

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. ऊन, पाऊस आणि मुळ्या यांनी पाषाणाचा मुरूम केला, मुरमाची माती केली. महाबळेश्वरच्या धो-धो पावसात खडकातला चुना धुऊन गेला आणि तांबडा जांभा उरला. आपल्या माधवनगर भागात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरचा, म्हणून चुना व इतर क्षार मातीतच राहिले. दंडोबाच्या डोंगराकडे जमीन हलकी, मुरमाड. उतारावरून वाहून आलेली बारीक माती आणि नदीचा गाळ साठून कृष्णाकाठी मात्र खोल काळी जमीन झाली. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षे लागतात, ती बिघडायला दहा-वीस वर्षे पुरतात.

काळीचा स्वभाव

भारी काळ्या रानात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग चिकणमातीचा असतो. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ओल धरून ठेवते, म्हणून शाळू नुसत्या ओलीवर येतो. पण बारमाही पाटपाण्याखाली हाच गुण अंगावर येतो. फुगलेली माती पाणी खाली सोडत नाही, पाणी तुंबते, पातळी वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. ही झाली खारवट जमीन. पुढे सोडियम मातीला चिकटला की ती चोपण होते: ओली असताना साबण, वाळली की दगड.

हे आजचे नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि पुढे त्या खोऱ्यातही असेच झाले. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी तिथल्या क्षारपड जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली.

उपाय

आधी माती परीक्षण. क्षारता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट. चर काढून चांगल्या पाण्याने मीठ धुवावे. सामू ८.५ च्या वर आणि सोडियमचे प्रमाण जास्त असेल तर ती चोपण. तिला अहवालाप्रमाणे जिप्सम द्यावे, ताग किंवा धैंचा गाडावा. निचरा नसताना टाकलेले जिप्सम म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन सेंद्रिय माल आपण काडी लावून घालवतो. पाणी ठिबकने, नाहीतर निदान एक आड एक सरीने द्यावे. वाफसा पाहूनच पाळी द्यावी.

शेजाऱ्याचे पाणी

मुख्य अडचण पुढेच आहे. वरच्या रानात जादा सोडलेले पाणी खाली झिरपते आणि मीठ फुटते ते खालच्याच्या रानात. त्या बिचाऱ्याने स्वतःच्या रानात चर काढला तरी पुढच्याने बांध अडवला की पाणी जागच्या जागी. म्हणून चर असो की जमिनीखालची सच्छिद्र पाइप, ती ओढ्यापर्यंत सलग गेली पाहिजे. एका शिवारातल्या सर्वांनी एकत्र बसून उतार पाहावा, वाट ठरवावी, खर्च एकराप्रमाणे वाटून घ्यावा. शेअर गोळा करून कारखाना उभा करणाऱ्यांना एक चर काढणे जड नाही.

ऊस तुटल्यावर, खत टाकण्यापूर्वी, रानातल्या सात-आठ ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो नमुना गट कार्यालयात आणून द्यावा. वर पांढरे फुटलेल्या जागेचा नमुना वेगळा बांधावा.