खर्जाचा मुलूख

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरले की बहरीनच्या राजधानीचा, मनामाचा, जुना बाजार लागतो. मसाले, कापड, अत्तर, सोने. कमानीची ही इमारत १९४९ची. राज्यकर्त्यांचे ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी ती आखली. तेव्हा समुद्र दाराशी होता. पुढे भर घालत तो इतका मागे सारला की आज कमानीपाशी पाणी दिसतही नाही. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत या गल्ल्यांतला व्यवहार रुपयांत चाले.

याच बाजारात मी माझी पहिली बेस गिटार घेतली. जुनी, चार तारांची. दुकानात अँप नव्हता, म्हणून लाकडाला हनुवटी टेकवून सगळ्यांत जाड तार छेडली. कानाआधी तो स्वर जबड्याला कळला. ती तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते आणि तिच्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरांहून लांब असते. शेजारच्या मांडवातले गाणे भिंतीपलीकडून ऐकताना शब्द विरतात, पण ठोका पोचतो, तो याच लांब लाटांमुळे.

हे वाद्य आले गरजेतून. वाद्यवृंदातला डबल बेस माणसापेक्षा उंच, प्रवासाला अवजड आणि ड्रम-ब्रासच्या गलक्यात बुडून जाणारा. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला : गळ्यात अडकवता येणारा, ३४ इंच लांबीच्या तारांचा. पट्टीवर पडदे असल्याने स्वर नेमका लागे, म्हणून नावही तसेच. वाद्य नवे होते, काम मात्र जुने. आपल्याकडे तानपुऱ्याची पितळेची खर्जाची तार तेच काम करते. तबल्याचा डग्गा तेच करतो. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावतात तीही त्यासाठीच. वरचा स्वर मोकळेपणी फिरायचा तर खाली कुणीतरी पाय रोवून बसावे लागते.

बहरीनमध्ये पाय रोवून बसणारे खलाशी होते. मोती काढायचा हंगाम उन्हाळ्यातले चार महिने चाले, आणि जहाजावर पाणबुड्यांइतकाच महत्त्वाचा असे ‘नहाम’, म्हणजे गाणारा. त्याच्या चढ्या आवाजाखाली बाकीचे खलाशी फार खालच्या पट्टीत एकसुरी घुमारा धरत. या गाण्याला फिजिरी म्हणतात. तिचे मूळ मुहर्रक बेटावरचे. जमिनीवर ती ‘दार’ नावाच्या बैठकांमध्ये गायली जाई, आजही गायली जाते. गोल करून बसलेले गायक, ढोल, मिरवास नावाची छोटी ढोलकी, बोटांत घालायच्या झांजा, टाळ्या, आणि जहला. जहला म्हणजे पाण्याचा मातीचा रांजणच.

पहिल्यांदा जहला जवळून ऐकला तेव्हा मला अश्विनातली अष्टमी आठवली. वादक दोन्ही तळव्यांनी थाप देत होता आणि आतली हवा हुंकारत होती. आमच्याकडे महालक्ष्मीपुढे बायका उदाच्या धुराने शेकलेली घागर फुंकतात, तोच हा हुंकार. एकीकडे फुंकर, दुसरीकडे थाप, विज्ञान एकच. पोटातली सगळी हवा एकदम दबते आणि फुगते. पोट जितके मोठे आणि तोंड जितके अरुंद, तितका स्वर खाली. बेसच्या अनेक स्पीकर-पेट्यांना पुढे मोकळे भोक ठेवतात, तेही याच तत्त्वावर. माझी चाकांची जड पेटी आणि तो रांजण एकाच कुळातले आहेत, हे मला मुहर्रकमध्ये कळले.

मुंबईशीही या सुरांचे नाते आहे. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईच होती; बहरीनचे व्यापारी तिथे मुक्काम ठोकत. ऊद हे तंतुवाद्य आणि मिरवास यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या ‘सौत’ या गायकीचे बहरीनमधले थोर नाव म्हणजे मोहम्मद बिन फारिस (१८९५–१९४७). त्यांनी मुंबईत अब्दुल रहीम अल-असीरी यांच्याकडे धडे घेतले. मुहर्रकमधले त्यांचे घर आज सौतचे स्मारक आहे.

जपानच्या कल्चर मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बसवला. १९३२ मध्ये तेल लागले. तेलाबरोबर परदेशी माणसे आली, रेकॉर्डी आल्या, विजेची वाद्ये आली. मोहम्मद आणि नबील अल-सादेकी या भावांच्या ‘ओसायरिस’ बँडची पहिली रेकॉर्ड १९८२ची. लांबलचक रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये बेसला नुसता ठेका धरून भागत नाही, त्याला स्वतःची चाल लागते. बहरीनची तरुण पोरे ते करत होती.

माझा संग्रह लहान आहे. ती चार तारांची बेस, नंतर घेतलेली पाच तारांची, जिची खालची तार सेकंदाला ३१ वेळा हलते, एक अँप, मिरजेचा तानपुरा, आणि एक रांजण. इथली खारट, दमट हवा तारा लवकर गंजवते. बाहेर वाफ आणि आत एसी, यात लाकडाची मान वाकते. मग मानेतली लोखंडी सळई अॅलन कीने पाव फेरा फिरवून ती सरळ करायची. पाव फेराच, अधिक नाही. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमरसन मात्र तार तुटेपर्यंत बदलत नसत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली त्यांचा १९६२चा एकच प्रिसिजन बेस आहे. महागडे सामान गोळा करण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

सामानाहून महत्त्वाचा कान. बेसवादक मोहिनी डे आज जगभर वाजवते. मुंबईत तिच्या हाती बेस आला तो तिसऱ्या वर्षी, बेसवादक वडिलांकडून. कान घरात तयार होतो.

म्हणून बहरीनमधल्या मराठी आईबापांना एक विनंती. मुलांना वाद्य घेऊन द्याच, पण त्याआधी एकदा पूल ओलांडून मुहर्रकला न्या. फिजिरी २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली आहे, आणि ती ऐकायला तुम्ही राहता तिथून अर्धा तासही लागत नाही. मुलांना जहलाजवळ बसवा. घरी आल्यावर तानपुऱ्याची खर्जाची तार छेडून दाखवा. दोन्हींतला खर्ज एकच आहे, हे मूल स्वतःच सांगेल.