सर, मॅच कधी?

पहाटे सव्वापाच. जुलै महिना आहे आणि हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापुरात रात्रभर झिमझिम चालू होती. इस्कॉनच्या मंदिरातली मंगलारती कधीच उरकलेली असते. हमरस्त्यावरून पहिल्या चिगरी बसचा आवाज येतो, तोवर मी पोत्यातले बॉल बाहेर काढून अंगठ्याने दाबून बघत असतो. आठ वर्षांच्या आतल्यांसाठी तीन नंबरचा, त्यांच्याहून थोड्या मोठ्यांसाठी चार नंबरचा आणि तेरा ओलांडलेल्यांसाठी पाच नंबरचा. लहान पोराच्या पायात पाच नंबरचा भिजलेला बॉल दिला, की ते बुटाच्या टोकाने मारायला शिकतं आणि पुढे ती सवय मोडता मोडत नाही. म्हणून बॉलवर खडूने नंबर घातलेले आहेत आणि पाऊस असला की ते रोज पुन्हा घालावे लागतात.

आज काय शिकवायचं ते रात्रीच वहीत लिहिलेलं असतं. एका पानावर एकच विषय, खाली मैदानाची आकृती, कोन कुठे आणि कोण कुठे उभं राहणार. प्रशिक्षकाच्या डी लायसन्स कोर्सात ही सवय लागली. गावोगावच्या शिक्षकांपर्यंत असे कोर्स पोचवणं हे देशाच्या फुटबॉलच्या तांत्रिक संचालकाचं काम. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचं लक्ष पुढच्या सामन्याकडे असतं. संचालकाने बघायचं असतं ते आज आठ वर्षांचं असलेलं पोर अठराव्या वर्षी काय खेळेल ते. भारताने या खुर्चीवर बऱ्याचदा बाहेरचा माणूस बसवला. रायापूरच्या लाल चिखलात उभं राहून त्या खुर्चीबद्दल मला काही सांगायचं आहे.

सहा वाजता तेरा वर्षांखालची मुलं-मुली येतात. कुणी नवलूरहून सायकलवर, कुणी सत्तूरहून वडिलांच्या गाडीवर मागे बसून. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. मैदानावर मात्र सगळ्यांची मिळून एक धारवाडी खिचडी. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मॅच यावाग री?" मॅच कधी, हे विचारल्याशिवाय एकही पोर बुटाची नाडी बांधत नाही.

आजचा विषय पास घेण्याआधी मागे बघणं. चौघं कोपऱ्यांवर, एक मध्ये, आणि मधल्याने बॉल हिसकावायचा. नवलूरची एक मुलगी या खेळात सगळ्यांत हुशार. बॉल तिच्याकडे निघतो तेव्हाच ती खांद्यावरून एकदा मागे बघते, अंग अर्धं वळवते आणि लांबच्या पायाने बॉल थांबवते. पुढचा पास तिथेच सुटा होतो. बाकीची पोरं बॉलकडे टक लावून उभी राहतात, जवळच्या पायाने थांबवतात, मग मान वळवतात, आणि तोवर मधलं पोर अंगावर आलेलं असतं. दोघांत फरक अर्ध्या सेकंदाचा. "हिंद नोड!", मागे बघ, असं मी ओरडतो, पण ओरडून हे येत नाही. म्हणून मी पाठीमागे उभा राहून बोटं दाखवतो. बॉल पायाला लागायच्या आत किती बोटं दिसली ते सांगायचं. नाही सांगितलं तर मधे जायचं. पंधरा मिनिटांत सगळ्या माना हलायला लागतात.

आम्ही शाळेत होतो तेव्हा फुटबॉलचा तास म्हणजे मैदानाला फेऱ्या, मग उठाबशा, आणि उरलेल्या वेळात वीसजण एका बॉलमागे. आज प्रत्येकाच्या पायाशी बॉल आहे, आणि धावणं खेळातच होतं. हा बदल आपोआप झाला नाही. 2011 मध्ये हॉलंडचे रॉब बान भारताचे तांत्रिक संचालक म्हणून आले. त्याआधी त्यांनी ऑस्ट्रेलियात हेच काम केलं होतं. पुढे ऑस्ट्रेलियाचे स्कॉट ओडोनेल आले, आधी अकादम्यांकडे आणि नंतर संचालकपदावर. 2019 मध्ये रोमानियाचे इसाक डोरू आले. या माणसांनी रायापूर पाहिलं नसेल, पण कोर्सातून, पुस्तिकांतून आणि शिकवणाऱ्यांना शिकवून त्यांची पद्धत इथवर झिरपत आली. हे ऋण मी मोकळ्या मनाने मानतो.

पावणेआठला शिट्टी. मुलं शाळेच्या वाटेला लागतात. सरकारी शाळेत जाणाऱ्यांना क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं आणि अंडंही, अंडं न खाणाऱ्यांना केळं. खेळणाऱ्या पोराला ते सोडू नकोस, असं मी बजावून सांगतो. घरी आई ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवते.

साडेनऊला शाळा. पीटीचा तास चाळीस मिनिटांचा आणि वर्गात पन्नासच्या वर मुलं. अकरा विरुद्ध अकरा लावलं तर अर्धी मुलं कडेला बसतात आणि उरलेल्यांतली निम्मी नुसती पळतात. एका पालकाला मी एकदा वही देऊन बसवलं होतं. तुमच्या मुलाच्या पायाला बॉल लागला की एक रेघ मारा, म्हटलं. तास संपला तेव्हा रेघा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. बेल्जियममध्ये मिशेल साब्लाँ तांत्रिक संचालक असताना विद्यापीठाच्या अभ्यासकांकडून मुलांचे सामने चित्रित करून घेतले गेले. तिथेही हेच दिसलं. मग त्यांनी लहानांचं मैदान लहान केलं, संघ छोटे केले आणि गुणतक्ते काढून टाकले. त्याच पिढीतून केव्हिन डी ब्रॉयना, एडन हझार्ड वर आले. साब्लाँ पुढे 2015 मध्ये सिंगापूरचे तांत्रिक संचालक झाले. बेल्जियममध्ये जमलेलं तिथे त्याच प्रमाणात जमलं नाही, कारण पद्धत विमानात बसून येते, पण क्लब आणि त्यांच्या लीग येत नाहीत.

मी चाळीस मिनिटांत पाच-पाचांचे चौकोन आखतो. सहा संघ खेळतात, उरलेली मुलं पंच, मोजणारे आणि बॉल आणणारे. दर पाच मिनिटांनी बदली.

साडेअकराला कागद. क्रीडास्पर्धांचे अर्ज, जन्मदाखले, आधार, शाळेचा शिक्का. जन्मदाखल्यांपाशी मी फार वेळ घालवतो. वय लपवून खेळवणं हा आपल्या बालफुटबॉलला लागलेला जुना रोग आहे. जागतिक पातळीवर सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय काढतात, पण त्या पायरीपर्यंत पोचायच्या आधीच खालची हानी होऊन जाते. दोन वर्षांनी मोठा मुलगा संघात घुसला की खऱ्या वयाचा, बारीक चणीचा, पण डोक्याने खेळणारा मुलगा कडेला बसतो. पुढच्या वर्षी तो येत नाही. संचालक जर्मन असो की गोव्याचा, त्याला हा मुलगा कधी दिसणारच नाही. म्हणून दाखला संशयास्पद वाटला तर मी नाव पाठवत नाही, मग कोणी रागावलं तरी चालेल.

मात्र या अर्जांतली खरी अडचण वेगळीच आहे. शालेय स्पर्धा होबळी, तालुका, जिल्हा अशा वर चढत जातात आणि सगळीकडे बाद फेरी. 1960 पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकाचीही खालच्या पायरीवर तीच तऱ्हा. हरलात की घरी. जून-जुलैत सराव करायचा, ऑगस्टमध्ये एक सामना खेळायचा, पेनल्टीवर हरायचं, आणि वर्ष संपलं. ज्या मुलाला सामन्यांची सगळ्यांत जास्त गरज आहे, म्हणजे हरणाऱ्याला, त्यालाच सगळ्यांत कमी सामने मिळतात.

दुपारी जेवून जरा वाचतो. सध्या मला हात देणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी टिपणं काढतोय, आणि त्यात डेटमार क्रेमरवर मी सगळ्यांत जास्त रेंगाळलो आहे. परदेशी माणसाने दुसऱ्या देशाचा फुटबॉल उभा करण्याची याहून चांगली हकिगत मला माहीत नाही. हे जर्मन गृहस्थ 1960 मध्ये जपानला गेले, टोकियो ऑलिंपिकसाठी संघ घडवायला. सुरुवात केली ती साध्या पासपासून, बॉल थांबवण्यापासून. 1964 ला जपानने अर्जेंटिनाला 3-2 ने हरवलं. पण क्रेमर यांचं मोठं काम याच्यापुढचं. निघताना त्यांनी जपान्यांना बजावलं, की देशभराची लीग सुरू करा, प्रशिक्षक तयार करा, चांगली मैदानं करा. जपान्यांनी ते ऐकलं. 1965 मध्ये आठ संघांची लीग सुरू झाली, 1968 मध्ये मेक्सिकोत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं, 1993 मध्ये व्यावसायिक जे-लीग आली आणि 1998 मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषक खेळला. अडतीस वर्षं. मधल्या काळात किती माणसं आली-गेली, पण लीग बंद पडली नाही.

आणि 1962 मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या भारताने याच जपानला 2-0 ने हरवलं होतं आणि पुढे सुवर्णपदक आणलं होतं. कॉलेजच्या पोरांना हे सांगितलं की ती गप्प होतात.

आपल्याकडे माणूस बदलला की कागद बदलतो. बान यांच्या काळात 'लक्ष्य' नावाचा आराखडा झाला. 2023 च्या जानेवारीत 'व्हिजन 2047' जाहीर झालं. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी जर्मनीचे निकोलाय ॲडम यांनी संघ बांधायला घेतला आणि ऐन वर्षात तो पोर्तुगालच्या लुईस नॉर्टन द मातोस यांच्या हाती गेला. तिन्ही सामने आपण हरलो, तरी कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने हेडरवर मारलेला गोल अजून डोळ्यांसमोर आहे. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तांत्रिक संचालक कधी कुणी नेमला नाही. तिथे आहे ती केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, शाहू स्टेडियम, आणि पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा अशा तालमींचे संघ. सामने चालू राहतात म्हणून पोरं खेळत राहतात आणि त्यातून एखादा वर जातो. पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांचा सोळा वर्षांखालचा संघ आशियाई स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत दक्षिण कोरियाकडून फक्त एका गोलने हरला. जिंकला असता तर विश्वचषकाची जागा मिळाली असती. त्या मुलांबरोबर हा प्रशिक्षक टिकून राहिला होता, आणि मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते.

2023 च्या नोव्हेंबरात आर्सेन वेंगर भुवनेश्वरला येऊन फिफाच्या मदतीची अकादमी सुरू करून गेले. चांगली गोष्ट आहे. पण निवडायला मुलं खालूनच यायची आहेत.

साडेचारला छोटी मंडळी, सहा ते दहा वर्षांची. यांना मी शिकवत नाही, खेळवतो. भारतीय फुटबॉल महासंघाने आधी बेबी लीग आणि आता ब्लू कब्ज या नावाने लहानांसाठी जी रचना सांगितली आहे ती मला मनापासून पटते: छोटं मैदान, मुलं-मुली एकत्र, सगळ्यांना सारखा वेळ. पालकांना पटायला वेळ लागतो. एक वडील रोज येऊन सांगतात, "सर, आमच्याला पुढंच खेळवा की, गोल तोच मारतोय." मी म्हणतो, "मारू दे की. पण उद्या गोलीला उभा राहील आणि परवा मागं. दहा वर्षांचं पोर कुठल्या जागेचं आहे हे तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही." ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगतात. मी रागावत नाही. ते रोज येतात, हेच खूप आहे.

सहा वाजता पावसाची जोरदार सर आली आणि सगळी आडोशाला पळाली. आज खेळ तिथेच संपला.

रात्री साडेआठ. कॉलेजची पोरं घरी येतात, गिरमिट आणि चहा होतो, आणि आम्ही रविवारचं वेळापत्रक मांडतो. चार संघ, प्रत्येक संघाने बाकीच्या तिन्ही संघांशी खेळायचं, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, बाद कुणीच नाही. सगळ्यांत शेवटचा संघही तीन सामने खेळूनच घरी जाणार. पंच आमचेच, पाणी घरून. यासाठी आराखडा लागत नाही, लागतं ते मैदान आणि जवळपासच्या शाळांचा होकार. जागा नसेल तर संघ दोनच होतात.

उद्या दिल्लीत कोण संचालक बसेल, कुठल्या देशाचा असेल, ते माझ्या हातात नाही. जो बसेल त्याने आधी एकच आकडा मागवावा: बारा वर्षांच्या मुलाला, जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब, वर्षात किती सामने मिळतात. तो आकडा तीसवर नेणारा माणूस कुठलाही असो, मला चालेल, फक्त त्याला दहा वर्षं हलवू नये. आणि हुबळीपासून धारवाडपर्यंतच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, रविवारी सकाळी तीन तास तुमच्या मैदानाचं फाटक उघडं ठेवा. बॉल आम्ही घेऊन येतो.