मिसचा बेंच आणि माझा कटिंग

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझ्या पियानोच्या मिसनी घर बदलताना पियानो विकला, पण बेंच मला दिला. झाकण उघडलं की आत नोटेशनची पुस्तकं ठेवायची जागा असलेला, जुना, तपकिरी, आरशासारखा चमकणारा. हॉस्टेलवर त्याच्यासमोर माझा छोटा कीबोर्ड असतो. सबमिशनच्या रात्री टेबलावर जर्नल्सचा ढीग, म्हणून कटिंगचा गरम ग्लास मी बेंचवर ठेवला. सकाळी तिथे पांढरं वर्तुळ! घाबरून मी सॅनिटायझर ओतून टिश्यूने खसाखसा घासलं. डाग तर गेला नाहीच, वर लाकूड चिकट झालं आणि टिश्यू तिथेच चिकटला. मी रडायचीच बाकी होते.

मग वर्कशॉपमधल्या सुतारकाकांनी माझी शाळा घेतली. हे फ्रेंच पॉलिश. म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे राहतात, त्यांच्यापासून ती मिळते. आपल्याकडे झारखंडात भरपूर. ही लाख साधारण 75 अंशांना वितळते, मऊ त्याच्याही आधी पडते. गरम ग्लासखाली थर मऊ झाला, वाफ आत शिरली, आणि आतल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे प्रकाश विखुरला. फेस पांढरा दिसतो ना, तसंच. असा ताजा डाग एक-दोन दिवस नुसता सुकू दिला तर बऱ्याचदा आपोआप फिका होतो. आणि सॅनिटायझर? त्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल. म्हणजे मी चक्क पॉलिशच्या सॉल्व्हंटने पॉलिश पुसत होते. केमिस्ट्रीत माझे मार्क विचारू नका.

गंमत म्हणजे दुरुस्तीही त्याच अल्कोहोलने झाली. काकांनी कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळला, लाखेच्या पातळ पॉलिशमध्ये भिजवला आणि हलक्या हाताने फिरवत राहिले. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, सांधा दिसत नाही. पीयू पॉलिशचं तसं नाही. ते एकदा घट्ट झालं की स्पिरिटला दाद देत नाही, पण ओरखडा पडला तर बेमालूम बुजवणंही कठीण. म्हणून काहीही लावण्याआधी बेंच उलटा करून खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून बघायचा. चिकट झालं तर लाख समजा.

रोज काय? जुन्या बनियनचं कापड, घट्ट पिळलेलं, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. लगेच कोरडं पुसायचं. काच पुसायचा स्प्रे नको, त्यातला अमोनियाही लाख खातो. सिलिकॉनवाले चमक-स्प्रेही नकोत. पुढे नवं पॉलिश त्यावर नीट बसत नाही. खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवा. आणि जीन्सच्या मागच्या खिशाची ती धातूची बटणं! मी आता उशी घालूनच बसते.

तिरप्या उजेडात डाग अजून थोडासा दिसतो. मिस गॅदरिंगला येणार आहेत. तोपर्यंत माझ्या रूमवर येणाऱ्यांनी चहा हातातच धरावा.