संचालक समित्यांचे सामाईक सदस्यत्व व अधिकारी वेतन

कंपनीच्या संचालक मंडळाच्या एकाहून अधिक समित्यांवर एकाच संचालकाची नेमणूक असणे, यास समित्यांचे सामाईक सदस्यत्व म्हणता येईल. लेखापरीक्षण समिती व पारिश्रमिक समिती यांच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे ठरते. पहिली समिती हिशेबांच्या विश्वसनीयतेवर देखरेख ठेवते. दुसरी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाची रचना सुचविते, आणि त्या वेतनाचा काही भाग बहुधा त्याच हिशेबांतील नफ्याशी निगडित असतो.

वेतनाचा आधार कोणता व तो कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न जुना आहे. मुंबईतील अनेक जुन्या कापडगिरण्यांत व्यवस्थापन अभिकर्त्यांना, म्हणजे मॅनेजिंग एजंटांना, उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन मिळत असे. गिरणीस तोटा झाला तरी उत्पादन वाढविण्यात अभिकर्त्याचा लाभ असे. त्याचेच वर्चस्व संचालक मंडळावर असल्याने घेणारा व मंजूर करणारा यांत अंतर उरत नसे. ही पद्धती ३ एप्रिल १९७० पासून रद्द झाली.

पुढे मंडळाच्या कार्याची समित्यांत विभागणी झाली. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) नेमलेल्या कुमार मंगलम बिर्ला समितीने १९९९ मध्ये लेखापरीक्षण व पारिश्रमिक समित्यांविषयी शिफारशी केल्या. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ व १७८ अन्वये या समित्या विहित वर्गांतील कंपन्यांना बंधनकारक झाल्या; कलम १७८ मधील समितीकडे नामनिर्देशनाचे कामही असते. सूचिबद्ध कंपन्यांत लेखापरीक्षण समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्वतंत्र संचालक असावे लागतात. नामनिर्देशन व पारिश्रमिक समितीस हेच प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

या नियमांमुळे लहान मंडळात सामाईक सदस्यत्व अटळ होते. सहा संचालकांपैकी तीन स्वतंत्र असतील आणि दोन्ही समित्या प्रत्येकी तीन सदस्यांच्या असतील, तर प्रत्येक समितीस किमान दोन स्वतंत्र संचालक लागतात. म्हणजे चार जागांसाठी तीनच व्यक्ती उपलब्ध असतात.

सामाईक सदस्याचा वेतनरचनेवरील परिणाम दुहेरी असतो. नफ्यातील कोणता भाग टिकाऊ आहे आणि कोणता अंदाजांवर अवलंबून आहे, हे त्यास लेखापरीक्षणातून ठाऊक असते. त्यामुळे सहज फुगविता येणाऱ्या आकड्यांऐवजी रोख प्राप्ती किंवा दीर्घ मुदतीची कामगिरी यांना तो अधिक वजन देऊ शकतो. क्रिस्टियान लाउक्स व फोल्कर लाउक्स यांनी २००९ मध्ये मांडलेल्या सैद्धांतिक विवेचनानुसार, दोन्ही समित्या पृथक् असल्यास पारिश्रमिक समितीचा कल भागांच्या किंमतीशी जोडलेले वेतन वाढविण्याकडे होतो. कारण त्यातून उद्‌भवणाऱ्या जादा देखरेखीचा भार लेखापरीक्षण समितीवर पडतो. सदस्य सामाईक असल्यास तो भार त्याच्याच वाट्यास येतो व तो सावधपणे वागतो. उलटपक्षी, एकाच व्यक्तीवर कामाचा ताण वाढतो आणि दोन समित्यांकडून अपेक्षित असलेली परस्परतपासणी क्षीण होते. प्रत्यक्ष पाहण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत.

सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार एका संचालकास दहाहून अधिक समित्यांचे सदस्यत्व किंवा पाचाहून अधिक समित्यांचे अध्यक्षपद घेता येत नाही. मात्र या गणनेत लेखापरीक्षण व भागधारक संबंध समित्याच धरल्या जातात. पारिश्रमिक समिती धरली जात नाही. त्यामुळे सामाईक सदस्यत्वाची मर्यादा बव्हंशी मंडळाच्या विवेकावर राहते. व्यवस्थापकीय पारिश्रमिकाची सर्वसाधारण कमाल मर्यादा निव्वळ नफ्याच्या ११ टक्के असली, तरी २०१८ पासून भागधारकांच्या मंजुरीने ती ओलांडता येते; केंद्र शासनाची संमती लागत नाही. साहजिकच भागधारकांची जबाबदारी वाढली आहे. सूचिबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात समित्यांच्या सदस्यांची नावे आणि संचालकांचे वेतन व मध्यक कर्मचारी वेतन यांचे गुणोत्तर दिलेले असते. ही माहिती एकत्र वाचल्यास, नफा तपासणारे व नफ्यावर वेतन ठरविणारे हात एकच आहेत काय, हे सामान्य गुंतवणूकदारासही पडताळता येते.