खेळाच्या तासाला कच्चं लिंबू

‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ या म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. म्हणीचा अर्थ मात्र इथे कामाचा आहे: कळत असून न कळल्याचं सोंग घेणं. दिव्यांग मुलाला खेळाच्या तासाला झाडाखाली बसवणारे गुरुजी असंच सोंग घेतात, त्यांना ती मुलं नकोच असतात, असं पालक सर्रास बोलतात.

पहिला गैरसमज हाच.

शारीरिक शिक्षणाचे शिक्षक दिव्यांग मुलांना शिकवण्याकडे कसं पाहतात, हे मोजण्याचं काम अमेरिकेत टेरी रिझ्झो यांनी १९८०च्या दशकात सुरू केलं. पुढे कितीतरी देशांत अशा पाहण्या झाल्या. त्यांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की ज्यांनी या विषयाचं प्रशिक्षण घेतलंय, ज्यांच्या हाताखालून अशी मुलं गेली आहेत आणि ज्यांना ‘हे मला जमेल’ असं वाटतं, त्यांचं मत अनुकूल असतं. अपंगत्व जितकं तीव्र, तितका शिक्षक कचरतो. म्हणजे मुळाशी तिटकारा कमी आणि धास्ती जास्त. धास्तीवर उपाय असतो.

आपल्याकडे ती धास्ती यायला कारणंही आहेत. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक सहसा नसतोच. गणित शिकवणारे गुरुजीच शिट्टी घेऊन कवायत करून घेतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीसाठी, तोही पट शंभराच्या वर असेल तर. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात, पण त्यांचा बहुतेक वेळ वाचन-लेखनात जातो. मैदानावर गुरुजी एकटेच. अशा वेळी ‘पडला-बिडला तर?’ हा प्रश्न मनात येणारच.

पण ‘खेळलं तर इजा होईल, बसलेलंच बरं’ हा समज खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना ५ ते १७ वर्षांच्या दिव्यांग मुलांनाही रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगतात. त्यांच्या प्रकृतीला झेपेल अशा हालचालीत मोठा धोका नसतो, हेही सांगतात. काळजी घ्यायची ती नेमकी असावी, सरसकट नको. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला मानेची तपासणी झाल्याशिवाय कोलांटउडी मारायला लावू नये. हिमोफिलिया असेल तर कबड्डी नको, पोहणं चालतं. फिट येणाऱ्या मुलाने पाण्यात एकटं उतरू नये. स्नायूंचा क्षय होत असलेल्या मुलाला दमेपर्यंत ताणू नये. बाकीच्या बहुतेकांना सावलीपेक्षा मैदानाची गरज जास्त. अशा गोष्टींची यादी फार लांब नसते. डॉक्टरांना ‘हा खेळू शकेल का?’ असं न विचारता ‘याने काय करू नये?’ असं विचारलं, की चिठ्ठी उपयोगाची मिळते.

खेळात घेणं ही शिक्षकाची मेहेरबानी आहे, असंही काहींना वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चं कलम १६ शाळांना प्रवेशाबरोबरच खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगतं. यावर आणखी बोलायची गरज नाही.

खरा घोळ आहे तो ‘आम्ही घेतो की त्याला’ या वाक्यात. घेतात म्हणजे काय करतात? गुण लिहायला बसवतात, चेंडू आणायला पाठवतात, नाहीतर कच्चं लिंबू करतात. कच्चं लिंबू ही आपल्या अंगणांची जुनी सोय: धाकटं भावंड खेळात असतं, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर डाव येत नाही. तीन वर्षांच्या पोराला त्यात मजा वाटते. बारा वर्षांच्या मुलीला मात्र पहिल्याच डावात कळतं की आपण हरलो काय आणि जिंकलो काय, कुणाला काही फरक पडत नाही. माझ्या मते झाडाखाली बसवण्यापेक्षा हे फार बरं नाही.

मग नियम बदलायचे? ‘त्याने बाकीच्यांचा खेळ बिघडतो,’ हे उत्तर तयारच असतं. पण लंगडीत धडधाकट गड्याला एक पाय उचलून पळायला कोण लावतं? नियमच. खेळ अवघड-सोपा करायची रीत आपल्या मातीतच आहे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू घालता येतं. गोलबॉल हा दृष्टिहीनांचा खेळ आवाज करणाऱ्या चेंडूवरच चालतो. लगोरी कुबड्या घेणाऱ्यासाठी जवळून, बाकीच्यांसाठी लांबून फोडावी. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवावा. लेझमीचा ठेका तर न दिसणाऱ्या मुलाला कुणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला; २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाकडी खांबावर उलटं लटकायला डोळे लागत नाहीत, पकड लागते.

शेवटचा समज उलट बाजूचा आहे: खेळायचं ते पदकासाठीच. ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा ध्वज धरला. ही नावं ऐकून शाळेत ‘याच्यात पदकाचं मटेरियल आहे का?’ असं पाहिलं जातं. बाकीच्या चाळीस पोरांना हा प्रश्न आपण विचारत नाही. ती नुसती खेळतात.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांतले असाल, तर पुढच्या बैठकीत गुरुजींवर आवाज चढवू नका. एवढंच विचारा: खेळाच्या तासाला ते मूल कुठे असतं, आणि त्याच्यावर डाव येतो का?