लोहित : मोकळ्या अक्षरांची सनद

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी, तहसिलीत गुदरावयाचा अर्ज असो वा लग्नाची पत्रिका, संगणकावर मजकूर जुळविणाऱ्यास प्रथम गरज पडते ती चांगल्या मराठी फॉन्टची. आणि तो फॉन्ट कोणाच्या मालकीचा, ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटली तरी भाषेच्या स्वायत्ततेशी निगडित आहे.

लोहित ही अशाच मोकळ्या फॉन्टांची मालिका. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने ती मुळात घडविली आणि रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने ती जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याखाली सर्वांस खुली केली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला हा परवाना वापराचे, अभ्यासपूर्वक फेरफाराचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली आवृत्ती प्रसृत करण्याचे स्वातंत्र्य देतो. मात्र सुधारलेली कृती वाटणाऱ्याने तीच मोकळीक पुढच्यास द्यावी, अशी अटही घालतो. कर्ता येथे आपला हक्क सोडीत नाही, तर त्याच हक्काच्या बळावर सर्वांचा हक्क राखतो.

परंतु जीपीएल रचला गेला तो संगणक-प्रणालींसाठी. दस्तऐवजात फॉन्ट अंतर्भूत केला, तर त्या दस्तऐवजासही परवान्याच्या अटी लागू होतात काय, हा पेच त्यातून उद्भवला. एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सने तो निःसंदिग्धपणे सोडविला : फॉन्टने लिहिलेला मजकूर सर्वस्वी लिहिणाऱ्याचा, फॉन्ट बदलता व वाटता येईल, पण एकटाच विकता येणार नाही, आणि कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फॉन्टला त्याच्या अनुमतीवाचून देता येणार नाही. २०११ मध्ये लोहितने हाच परवाना स्वीकारला.

तथापि परवाना केवळ अधिकार देतो. अक्षर निर्दोष राहते ते समुदायाच्या शिस्तीने. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ एखाद्या फॉन्टमध्ये विस्कटला, तर नुसती तक्रार न करता नमुन्यासह दोष कळवावा, दुरुस्ती साधल्यास ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी आणि पूर्वसूरींची नावे अबाधित ठेवावी, हा या मंडळींचा अलिखित दंडक होय. तो पाळला गेला, तर उमरग्यात केलेली दुरुस्ती नागपुरासही विनामूल्य पोहोचते.

म्हणूनच ग्रामपंचायतींनी, शाळांनी व छापखान्यांनी फॉन्ट निवडताना त्याच्या वळणाइतकीच त्याची सनदही तपासावी; लिपी सर्वांची आहे, तेव्हा ती सुधारण्याचा अधिकारही सर्वांकडेच असला पाहिजे.