स्थायी उचल-चुंबक आणि पातळ पत्रा

वीज खंडित झाली तरी स्थायी चुंबकाने धरलेले पोलाद सुटत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय. तथापि त्यावर कोरलेला भारांक जाड, सपाट व स्वच्छ मृदू पोलादापुरताच खरा असतो. आकर्षणबल स्रोतघनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने गंज वा रंग यांमुळे पडणारी अल्प फटही ते झपाट्याने घटविते. पातळ पत्र्यात तर चुंबकाच्या साऱ्या बलरेषा मावतच नाहीत. पत्रा संपृक्त होतो आणि भारांकापेक्षा हलका असूनही निसटू शकतो. शिवाय तो लवला म्हणजे कडेपासून सोलल्यासारखा सुटतो. युरोपीय मानक ईएन १३१५५ अन्वये विलगीकरणाचे बल अनुज्ञेय भाराच्या किमान ३ पट लागते. परंतु हा गुणक जाडीतील उणीव भरून काढण्यासाठी नव्हे. सबब निवड करताना वजनाइतकीच जाडीही पाहावी. दोन पत्रे एकत्र तर कधीच उचलू नयेत: वरच्यातून झिरपलेल्या बलरेषा खालच्याला अर्धवटच धरतात, व तोच वाटेत पडतो.